सुजेची गोळी आणि स्वादुपिंडाचं दुखणं

पोटात दुखतंय म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘काल काय खाल्लंस?’ मग ओवा, हिंग, गरम पाणी. तरी राहिलं नाही तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी. गोळीने बरं वाटतं, ओट्यापाशी उभं राहता येतं, आणि दुखणं पुढच्या महिन्यावर जातं. बाईच्या दुखण्याला घरात ‘पित्त’ हे एकच नाव असतं, असं मला कितीदा तरी वाटतं.

सातपूरकडच्या एका बचत गटातली अशीच एक ताई. वय पस्तिशीच्या आतबाहेर. वरच्या पोटात कळ यायची ती थेट पाठीत जायची. जेवलं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा कमी. दोन वर्षं गोळ्यांवर काढली. वजन उतरत गेलं तेव्हा कुठे सोनोग्राफी आणि मग सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या नळीत खडे निघाले. डॉक्टरांनी सांगितलं, हा स्वादुपिंडाचा जुनाट दाह आहे, क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस. घरी गेल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘ही चोरून पिते की काय?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला त्या खड्यांपेक्षाही जास्त टोचला. दारूमुळे हा आजार होतो हे खरंच आहे, आणि आपलं नाशिक तर द्राक्षांचं आणि वाइनचं गाव! पण भारतात दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या कितीतरी माणसांना, अगदी शाळकरी मुलामुलींनासुद्धा हा आजार होतो. केरळमध्ये डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात अशा शेकडो रुग्णांची नोंद केली होती. तेव्हा संशय गरिबीवर आणि टॅपिओकावर, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यावर होता. पुढे २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अशा पुष्कळ रुग्णांत ‘स्पिंक-१’ नावाच्या जनुकात दोष असतो. आपल्या पुण्यातही केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या आजारातून येणाऱ्या मधुमेहाचा अभ्यास केला आहे. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांत असतं, बाटलीत नसतं.

हे जनुक करतं काय? स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, साधारण वीतभर लांब. त्यातून रोज लिटर-दीड लिटर पाचक रस आतड्यात उतरतो. हा रस इतका तिखट, की तो आतड्यात पोचण्याआधीच जागा झाला तर स्वतःच्या घरालाच पचवायला लागतो. ‘स्पिंक-१’ हा त्यावरचा ब्रेक. ब्रेक सैल असला की पुन्हा पुन्हा सूज येते, सूज उतरते, आणि दर वेळी मागे थोडा व्रण राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की मऊ ग्रंथी निबर होते, नळीत खडे धरतात, पचन बिघडतं, आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी गेल्या की साखर वाढते.

हे निबर होणं घडवून आणणाऱ्या पेशी १९९८ मध्ये सापडल्या. ताऱ्यासारखा आकार म्हणून त्यांना ‘स्टेलेट’ पेशी म्हणतात. त्या वेगळ्या करून दाखवणाऱ्या पहिल्या दोन गटांपैकी एक जर्मनीतला होता आणि दुसरा सिडनीतला. या सिडनीच्या गटात होत्या डॉ. मिनोती आपटे. आडनाव वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! एरवी या पेशी शांत असतात. सूज आली की त्या जाग्या होतात आणि व्रणाचे धागे विणत सुटतात.

आता कोणाच्याही मनात येईल, की सगळं मूळ जर सुजेत आहे तर सूज उतरवणारी गोळीच घ्यावी ना? शास्त्रज्ञांच्याही मनात हेच आलं. त्याची उत्तरं आली ती मात्र वेगवेगळी.

एका ठिकाणी उत्तर चक्क ‘हो’ आलं. तोंडातून नळी घालून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळीतले खडे काढतात, त्या तपासणीनंतर काहींच्या स्वादुपिंडाला अचानक सूज येते. २०१२ मध्ये अमेरिकेत सहाशेवर रुग्णांवर अभ्यास झाला. तपासणीनंतर लगेच इंडोमेथासिन या सूज उतरवणाऱ्या औषधाची वात गुदद्वारातून दिली, तर ही सूज येण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. औषध साधं, स्वस्त, जुनं. पण हे झालं एका दिवसाच्या धोक्यासाठी. वर्षानुवर्षं मुरलेल्या आजाराला तेच औषध थांबवतं, असं यातून सिद्ध होत नाही.

दुसरा ‘हो’ स्टिरॉइडचा. जुनाट दाहाचा एक प्रकार असा आहे की त्यात शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा स्वादुपिंडावर उलटते. ‘ऑटोइम्यून’ हे नाव जपानी डॉक्टरांनी १९९५ मध्ये त्याला दिलं. यात स्टिरॉइड सुरू केलं की काही आठवड्यांत सूज उतरलेली स्कॅनमध्ये दिसते. पण हा प्रकार दुर्मीळ आहे. शिवाय स्कॅनवर तो कधी कधी कर्करोगासारखा दिसतो आणि कर्करोग त्याच्यासारखा! म्हणून रक्तातली आयजीजी-४ ची पातळी, स्कॅन आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी, हे सगळं झाल्यावरच डॉक्टर स्टिरॉइड लिहितात. ‘तिला स्टिरॉइडने गुण आला, मलाही द्या’ असं इथे चालत नाही.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य रुग्णांत, मूळ आजार मागे फिरवणारी सूजविरोधी गोळी आजतरी नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कळ दबवतात तेवढंच. रोज घेतल्या तर जठराला व्रण पडतात, रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. या आजारात आज ना उद्या मधुमेह येण्याची शक्यता असते, म्हणजे मूत्रपिंडं आधीच जपायची असतात. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला वन विभागाने गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ काढलंय. गिधाडं एवढी का कमी झाली? गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, त्यांना हे औषध फारच बाधतं. तरी पर्समध्ये चिवड्याच्या पाकिटासारखी ही पट्टी बाळगणाऱ्या बायका पाहिल्या की मला खोरीपाडा आठवतो.

‘मग आपली हळद?’ हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. त्याचंही उत्तर आहे. मणिपालच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये अशाच वीस रुग्णांवर छोटा प्रयोग केला. हळदीतलं कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम आणि मिरीतलं पायपरिन ५ मिलिग्रॅम, सहा आठवडे. रक्तातली हानीची एक खूण कमी झाली, दुखणं मात्र कमी झालं नाही. फोडणीत हळद जरूर घाला, तिच्या भरवशावर डॉक्टर सोडू नका.

दिल्लीच्या एम्समधला अभ्यास जास्त आशा देतो. २००९ मध्ये तिथे १२७ रुग्णांपैकी काहींना सहा महिने सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन आणि मेथिओनिन दिलं. त्यांच्यातले ३२ टक्के रुग्ण वेदनामुक्त झाले, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत १३ टक्के. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये तसाच अभ्यास झाला, तर काहीच फायदा दिसला नाही. तिथले बरेचसे रुग्ण दारूमुळे आजारी पडलेले होते. आजाराचं कारण वेगळं तर औषधाचा गुणही वेगळा, असं असू शकतं. म्हणून ‘मी पीत नाही’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, आणि पीत असाल तर तेही. तंबाखू आणि मिश्रीचंसुद्धा लपवू नका. धूम्रपानाने हा आजार वाढतो हे पक्कं आहे.

त्या ताईंचं पुढे काय झालं? नळीतले खडे फोडून काढले. कळ बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. त्यांना जेवणाबरोबर घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून दिल्या. शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होतं, फ्लश केलं तरी जात नाही, ही रस कमी पडल्याची खूण. इथे घरोघरी दोन घोटाळे होतात. एक म्हणजे कॅप्सूल जेवणानंतर तासाभराने घेतली जाते. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं तर निम्मी मध्ये. दुसरं, तेल-तूप पार बंद केलं जातं. आधीच खंगलेल्या बाईला कोरडी भाकरी आणि वरणाचं पाणी! कॅप्सूल नीट चालू असेल तर बेताचं तेल-तूप चालतं, थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं.

या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. हे कळल्यावर काही घरांत त्या गुपचूप बंद होतात आणि वजन पुन्हा घसरतं. तसं मनात आलं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांशी मोकळेपणी बोला. उपवासाचंही तेच. निर्जळी असेल तर कॅप्सूल नको, पण साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी हे जेवणच आहे, त्याबरोबर ती लागतेच. वर्षातून एकदा साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं. ताईंनी गेल्या वेळी दोन्ही तपासलं. साखर अजून काठावर आहे.