बंद घराची राखण

कन्नडात ‘कीली’ म्हणजे कुलूप आणि ‘कीलीकै’ म्हणजे चावी. मराठीत मात्र किल्ली हीच चावी. आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात. त्यामुळे ‘कीली कुठे आहे?’ असे विचारले की एकजण कुलूप आणून देतो आणि दुसरा चावी. यावर आम्ही घरचे कितीदा तरी हसलो आहोत. पण हल्ली आपल्या भागात कुलूप कोणाचे आणि चावी कोणाकडे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही.

शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, कुठल्याही गल्लीतून चालत जा. दोन-तीन घरे तरी बंद दिसतील. मुले दुबईला, मस्कतला, लंडनला, अमेरिकेत. आईवडील होते तोवर घर हलते होते. ते गेले, किंवा मुलांकडे राहायला गेले, आणि घराला कुलूप लागले. परदेशी राहणाऱ्यांच्या दृष्टीने हे आता सुट्टीचे घर. दोन वर्षांतून एकदा मे महिन्यात नाहीतर गणपतीत तीन आठवडे उघडायचे, बाकी सारा काळ बंद. विकायचा धीर होत नाही आणि राहायला येणे जमत नाही.

अशा दोन घरांच्या किल्ल्या गेली काही वर्षे माझ्याकडे आहेत. एक माझ्या आतेभावाचे, तो मस्कतला असतो. दुसरे शेजारच्या अक्कांचे. त्या आता डलासला मुलाकडे असतात. मी कॉलेजात शिकवणारा माणूस, राखणदारीचे शास्त्र काही शिकलेलो नाही. पण करता करता, वकील मित्रांना विचारता विचारता जे समजले, ते येथे मांडतो. परदेशातून घर सांभाळणाऱ्यांना आणि त्यांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांनाही ते उपयोगी पडावे.

घर रिकामे आहे हे कोण सांगते?

बहुतेक वेळा घरच सांगते. बाहेरून लावलेले मोठे कुलूप, दारात साचलेली पत्रके, अंगणात गुडघाभर वाढलेले गवत, वाळलेली तुळस. आपल्याकडे मराठी घर असो की कन्नड, सकाळी उंबऱ्यापुढे सडा आणि रांगोळी असते. आठ दिवस रांगोळी दिसली नाही की सगळ्या गल्लीला कळते, ‘मनी खाली ऐती’. दिवाळीत तर सारी आळी उजळलेली आणि एकच घर काळोखात, हे दुरूनही दिसते.

म्हणून दाराला बाहेरून दिसणारे कुलूप न लावता दारातच बसवलेले लॉक असावे. गवत काढणे, अंगण झाडणे यासाठी आठवड्यातून दोनदा येणारी बाई ठरवून द्यावी आणि तिचा पगार वेळेवर पोचेल असे पाहावे. सणाच्या दिवशी दारात पणती लावायला शेजाऱ्यांना सांगावे. आतेभावाच्या घरी संध्याकाळी आपोआप लागणारा आणि रात्री बंद होणारा दिवा बसवला आहे. त्याला खर्च फार नाही. दागिने आणि मूळ खरेदीपत्र बंद घरात मुळीच ठेवू नये, त्यांची जागा बँकेचा लॉकर.

कॅमेऱ्यांचा आता सुळसुळाट झाला आहे. ते बसवावेत, पण कॅमेरा घर राखतो हा भ्रम नको. वीज गेली की इंटरनेटचा राउटर बंद पडतो आणि कॅमेराही आंधळा होतो. त्याला बॅटरीची सोय हवी. आणि समजा सगळे चालू आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा डलासला दुपारचे साडेतीन. अक्कांच्या मुलाला मोबाईलवर अंगणात कोणी उभे असलेले दिसले, तर तो तेथून काय करणार? आपत्तीचा ११२ हा नंबर तो तिथून लावू शकत नाही. म्हणून दहा मिनिटांत पोचेल असा माणूस आधी, कॅमेरा नंतर. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर मुलाकडेही असावा आणि घर बंद असल्याचे ठाण्याला लेखी कळवलेले असावे.

चोरापेक्षा पाऊस वाईट

इतक्या वर्षांत या दोन घरांत चोर शिरला नाही. पाणी मात्र शिरले, वाळवी शिरली, घुशीही आल्या. आपल्याकडचा पाऊस, त्यातून खानापूरच्या बाजूचा, बंद घराचा पहिला शत्रू. एक कौल सरकले की पाणी आढ्यावर, आढ्यावरून भिंतीत आणि भिंतीतून चौकटीत उतरते. ओली चौकट वाळवीला आवडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आणि पावसाने हजारो घरांची पडझड झाली. त्यात मातीच्या भिंतींची जुनी घरे पुष्कळ होती. राहते घर असेल तर ओल पहिल्या दिवशी दिसते. बंद घरात ती दिसायला दिवाळी उजाडते.

मृग लागण्याआधी कौले, पन्हळी आणि गच्चीच्या पाण्याच्या वाटा पाहून घ्याव्यात. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तासभर दारेखिडक्या उघडाव्यात. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावीत. पाण्याचा मुख्य कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, फ्रिज रिकामा करून त्याचे दार किलकिले. मात्र नळ आणि न्हाणीची मोरी पंधरा दिवसांतून एकदा तरी वाहती करावी. मोरीच्या वाकड्या नळीतले पाणी सुकले की गटाराचा वास आणि झुरळे थेट घरात येतात. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार फार दिवस बंद राहिली की जाम होते, तीही अधूनमधून चालवावी.

विम्याचेही पाहावे. ‘भारत गृह रक्षा’ नावाची घराची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. तिचे मूळ संरक्षण आग, भूकंप, वादळ, पूर अशा आपत्तींना आहे. घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. घर सलग किती दिवस रिकामे राहिले तर काय, याविषयीही पॉलिसीत अटी असतात. त्या वाचाव्यात आणि घर बंद असते हे कंपनीला लेखी सांगून मोकळे व्हावे. लपवलेली गोष्ट भरपाईच्या वेळी नेमकी आडवी येते.

कागदाची वाळवी

घर भिंतींनी जसे उभे असते तसे कागदांनीही उभे असते. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात काय झाले ते आठवा. मालक परदेशी किंवा हयात नाहीत आणि मागे विचारणारे कोणी नाही, अशा घरा-जमिनींचे बनावट कागद तयार करून त्या परस्पर विकल्याची प्रकरणे तिथे उघडकीस आली. २०२२ साली गोवा सरकारने त्यासाठी विशेष तपास पथक नेमले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय चौकशी आयोगही नेमला. तिथे कुलपे फोडायची गरज पडली नाही, कागदावरचे नाव बदलले की काम झाले.

आपल्याकडे तसे होऊ नये म्हणून चार गोष्टी पुरेशा आहेत. घरपट्टी दरवर्षी भरावी आणि पावतीवरचे नाव पाहावे. हेस्कॉमचे बिल थोडके आले तरी थकवू नये. वडील गेले असतील तर वारसा नोंद करून उताऱ्यावर सगळ्या भावंडांची नावे लावून घ्यावीत. ‘बघू पुढच्या सुट्टीत’ म्हणता म्हणता दहा वर्षे जातात. आणि वर्षातून एकदा नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून ईसी, म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र, काढावे. आपल्या घराचा कुठला व्यवहार नोंदला गेला असेल तर तो त्यात दिसतो. हे काम डलासला बसूनही करता येते.

यात एक अडचण आहे, ती आपल्यासारख्या घरांनाच कळेल. उतारा कन्नडात. आजोबांचे वाटणीपत्र मराठीत, कधी मोडीतही. परदेशात वाढलेल्या नातवंडांना दोन्ही भाषा बोलता येतात, पण वाचता एकही येत नाही. घरात दोन्ही लिपी वाचणारे शेवटचे माणूस आहे तोवर त्याच्याकडून सगळे कागद वाचून घ्यावेत, प्रत्येकावर तो कशाचा आहे हे लिहून ठेवावे आणि त्यांच्या प्रती प्रत्येक भावंडाला द्याव्यात.

किल्ली ज्याच्याकडे आहे त्याचे काय?

या विषयावर आपण बोलत नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचा हाच वाटतो. घरमालकाला भीती वाटते, किल्लीवाला घर बळकावेल. किल्लीवाल्याच्या मनात काय असते ते कोणी विचारत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी मित्राचे बंद घर चौदा वर्षे सांभाळले. गवंडी आणले, बिले भरली, पदरचे पैसे घातले. हिशेब तोंडी. मित्र वारला. मुले आली आणि पहिल्याच दिवशी विचारती झाली, ‘काका, आंब्याचे पैसे दरवर्षी कुठे जात होते?’ काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आले. मुलांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना काही माहीतच नव्हते. पण दोन घरांचा चाळीस वर्षांचा घरोबा त्या एका प्रश्नात संपला.

कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. १९६३ च्या मुदत कायद्यात, दुसऱ्याने मालकाविरुद्ध उघडपणे ताबा धरला तर मालकाला दावा लावायला बारा वर्षांची मुदत आहे. बारा वर्षांची धास्ती आपण ऐकतो ती ही. पण मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला, राखणाऱ्याला ती लागू नाही. गोव्यातल्याच एका भावाबहिणीच्या घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की काळजीवाहू, राखणदार किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी घरावर त्याचा हक्क निर्माण होत नाही. मालकाने मागितले की त्याने ताबा द्यायचा. फुकट राहू दिलेल्या नातलगालाही तेच. तरीही त्या भावंडांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागलेच. निकाल लागला तरी नाते परत मिळत नाही.

म्हणून साधे पत्र करावे. घर कोणाचे, किल्ली कोणाकडे, कशासाठी, कधीपासून. वर्षाला किती खर्च विचारल्याशिवाय करायचा, आंबा-नारळाचे काय करायचे. खाली दोघांच्या सह्या. मुखत्यारपत्र दिलेच तर ते ठरावीक कामापुरते असावे. विक्रीचा अधिकार त्यात सहज लिहून टाकू नये. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि देणारा वारला की सर्वसाधारणपणे ते संपते. नुसत्या मुखत्यारपत्राने घराची मालकी बदलत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे.

मी हे पत्र आतेभावापुढे ठेवले तेव्हा तो दुखावला. म्हणाला, ‘कागद कशाला रे? तू काय परका आहेस?’

मी म्हटले, ‘दादा, तुझ्या-माझ्यात नको. तुझी मुलं आणि माझी मुलं, त्यांच्यासाठी लिहूया.’

त्याने सही केली. आता दर तीन महिन्यांनी मी त्याला हिशेब आणि घराचे फोटो पाठवतो. गेल्या वर्षी त्याच्या मुलीने पहिल्यांदा स्वतःहून विचारले, ‘काका, माजघरातली ती भिंत अजून ओली आहे का?’ त्या पोरीला भिंत कोणती हे ठाऊक झाले, याचे मला फार बरे वाटले.

अक्कांचे निराळे. त्या हिशेब विचारत नाहीत. दर रविवारी फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर, तुळसी ऐतेनु?’ तुळस आहे ना? मी ‘ऐती’ म्हणतो आणि मग बाकीचे बोलणे होते. त्यांचे घर त्या एका प्रश्नाने जागे राहते असे मला वाटते. पण अक्कांनंतर तो प्रश्न कोण विचारणार, हे त्यांच्या मुलाने आजच ठरवायला हवे. घर ठेवायचे, भाड्याने द्यायचे की विकायचे, यातले काहीही ठरले तरी चालेल. न ठरवता नुसते कुलूप लावून ठेवणे एवढेच महागात पडते.

मृग आता फार लांब नाही. तुमचे घर बंद असेल तर किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला या रविवारी एक फोन करा. कौलांचे विचारा आणि त्याची तब्येतही विचारा.