लोहाराचा पोर अक्षरे शिकतो तेव्हा…

पोरगा संगणकावर खेळ खेळत बसला की आपण आईबाप वैतागतो. मीही वैतागलो होतो. थोरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आणि रात्री अकरापर्यंत तलवारबाजी! ओरडणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "पप्पा, हे बघा. याला वाचताच येत नाही."

पडद्यावर एक पुस्तक उघडे होते. पण शब्दांतली अक्षरे सगळी उलटीपालटी. निरक्षर माणसाला पुस्तक कसे दिसत असेल, ते मी प्रथमच पाहिले. रेशन दुकानात अंगठा उठवणारी माझी आजी आठवली. मी खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. चेक प्रजासत्ताकातील 'वॉरहॉर्स स्टुडिओ'ने तो २०१८ साली बाजारात आणला. त्याआधी २०१४ मध्ये लोकवर्गणीतून ११ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. दुसरा भाग २०२५ साली आला.

कथा १४०३ सालच्या बोहेमियातली, म्हणजे आजच्या चेक देशातली. राजा वेन्सेस्लास सावत्रभाऊ सिगिस्मंडच्या कैदेत आहे. सिगिस्मंडची फौज स्कालित्झ गाव जाळते. लोहाराचा मुलगा हेन्री आईबापांना डोळ्यांदेखत गमावतो. इथे राक्षस नाहीत, जादूटोणा नाही. हेन्रीला भूक लागते, झोप येते. पिशवीतले अन्न नासते. मळक्या, रक्ताळलेल्या कपड्यांत गेला तर लोक नीट बोलत नाहीत. तलवार धरताही येत नाही. रात्ताय गावच्या कप्तानाकडे पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो.

वाचनाचेही तसेच. उझित्झ गावच्या लेखनिकाला पैसे मोजून हेन्री अक्षरे गिरवतो. तरी लगेच सारे वाचता येत नाही. पुस्तके वाचत राहिला, तशी अक्षरे हळूहळू जागेवर येतात. मग औषधांच्या कृती उलगडतात, बंद दारे उघडतात.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पुढे कळते, की हेन्री हा सरदार राडझिग कोबिला याचा अनौरस मुलगा आहे. मी मुलाला विचारले, "घाम गाळून तलवार शिकला, पैसे मोजून अक्षरे शिकला, मग वर सरदाराचे रक्त कशाला? लोहाराचा पोर म्हणून तो शूर होऊ शकत नव्हता का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, पण त्या रक्ताने त्याचा एकही गुण वाढत नाही. आधी जेवढं शिकला तेवढंच त्याला येतं."

उत्तर मला पटले. कथाकार जन्माच्या मोहात पडला. खेळाचा हिशेब मात्र शिक्षणाच्या बाजूने उभा राहिला!

बंधू-भगिनींनो, हा खेळ लहानांचा नाही. मारकाट, दारू, शिवराळ भाषा सारे आहे. युरोपात त्यावर १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच असा शिक्का आहे. तो जरूर पाळा. पण मोठा मुलगा खेळत असेल, तर ओरडण्याआधी एकदा शेजारी बसा. काय खटकले ते विचारा, त्याचेही ऐका.

आमच्या घरी आता नियम ठरला आहे : आधी अभ्यास, मग एक तास हेन्री. गेल्या रविवारी मुलाने बोहेमियाचा इतिहास शोधून मला वाचून दाखवला. त्या रात्री मी घड्याळ पाहिले नाही.