पायी वारीच्या पिशवीत काय न्यायचं?

मी दर्यापुरातून बोलतोय, आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहूनही देतोय. प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: पहिल्यांदाच पायी पंढरपूर करायचंय, खायला सोबत काय नेऊ?

आधी हिशोब पाहू. शेगावची पालखी अकोला, परभणी, परळी, अंबाजोगाई, सोलापूर अशी महिनाभर चालते. रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर. साठ किलो वजनाच्या माणसाला तेवढ्या चालण्यासाठी नेहमीच्या जेवणावर साधारण 800 ते 1,000 कॅलरी जास्त लागतात. मुक्कामाला पंगत असते, पोट भरतं. पण ताटात भात, पोळी, बुंदीच जास्त असली तर पायाच्या स्नायूंना लागणारं प्रोटीन कमी पडतं.

म्हणून बिस्किटांचे पुडे ठेवा घरी, पिशवीत फुटाणे घ्या. 100 ग्रॅम फुटाण्यांत 20 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. शेंगदाण्यांत 25 ग्रॅम, वर साडेपाचशे कॅलरी. दोन मुठी फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, सकाळच्या विसाव्याला एवढं झालं की दुपारच्या पंगतीपर्यंत पाय चालतात. जोडीला जवसाची चटणी न्या. कोरडी असते, उन्हात खराब होत नाही, आणि फिक्या वरणालाही चव आणते. दुधात भिजवलेल्या दशम्या फक्त पहिल्या दिवसापुरत्या, जूनच्या गरमीत त्यांचा भरवसा नाही. आणि महिन्याचा माल पाठीवर घेऊन निघू नका बाप्पा! चार दिवसांचा घ्या. फुटाणे कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात.

आता पाणी. यात खरा धोका आहे. घामातून पाण्यासोबत मीठही जातं. दिवसभर नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भांबावतो. मग सोबतचे म्हणतात, अजून पाणी पाज. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. हे प्रमाण मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मेडिकलमधून ओआरएसची पुडी घेतली तर लिटरची पुडी पूर्ण लिटरातच घाला, ग्लासात नाही. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. एफएसएसएआयने 2025 मध्ये अशा पेयांवर ते नाव लावायला बंदी घातली, ती बरी केली.

आपल्याकडचे काही जण म्हणतात, आम्ही खारपाणपट्ट्यातले, आमच्या पाण्यातच मीठ! पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरीत कोणते क्षार किती, हे चव घेऊन कळत नाही. ते औषध समजून पिऊ नका. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, एवढं मात्र स्वतःला कळतं.

राहिली एकादशी. 2025 मध्ये पालखी 2 जूनला निघाली आणि 6 जूनला निर्जला एकादशी आली, म्हणजे विदर्भातल्या ऐन उन्हात. त्या दिवशी चालायचं असेल तर निर्जळी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उपास करा, पण पाणी, मीठ घातलेलं ताक, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू घ्या. नुसत्या साबुदाण्यात कॅलरी आहेत, प्रोटीन जवळजवळ नाही.

घरातून आई-बाबा किंवा आजोबा निघत असतील आणि ते शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील, तर निघायच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: रोज वीस किलोमीटर चालताना डोस किती, आणि उपासाच्या दिवशी किती. काही गोळ्या घेऊन उपाशी चाललं की शुगर एकदम उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. उन्हामुळे झालं असं समजून लोक त्यांना नुसतं झोपवतात. शुद्धीवर असतील तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात देऊन पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन लावा. साखरेची पुडी त्यांच्या खिशात ठेवा, आणि ती कुठे आहे ते दिंडीतल्या सोबत्याला दाखवून ठेवा.