कंपन्यांचे सौदे व सरकारी संमति

एक मोठी कंपनी दुसरी विकत घेऊं लागली म्हणजे सरकारी संमति कां लागते? जयसिंगपूरच्या पेठेंत बियाण्यांचीं दुकानें दहा असोत. पिशव्यांमागील मालक दोनच उरले, तर भाव त्यांच्या मर्जीचा. सन २०१८ मध्यें जर्मनीच्या बायरनें अमेरिकेची मोन्सँटो घेतली, तेव्हां आपल्या स्पर्धा आयोगानें संमति दिली ती अटींवर : जालन्याच्या महिको कंपनींतील मोन्सँटोचा शेंकडा २६ हिस्सा व बायरचा भाजीपाल्याच्या बियाण्यांचा धंदा विकावा. (कॅनडांत सन २०१० मध्यें पोटॅश कंपनीची विक्री मंत्र्यानें देशहितासाठीं अडविली.) सौद्याविषयीं आयोगास शंका आल्यास तपशील जाहीर होतो व बाधा पोंचणाऱ्या शेतकऱ्यासही लेखी हरकत घेतां येते, मुदत मात्र थोड्याच दिवसांची असते.