म्हैसूरचा प्रवास : मुक्काम शहरात की पाण्याकाठी?

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की महाराष्ट्रातून दक्षिणेकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या यादीत म्हैसूरचे नाव हमखास असते. रजा चार दिवसांची, सोबत वृद्ध आई-वडील आणि शाळकरी मुले. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. राजवाड्याच्या शहरात उतरावे, की जलाशयाच्या काठावरील एखाद्या निवांत विश्रामस्थळी? नकाशावर ही ठिकाणे जवळ दिसतात. मात्र एका रात्रीचे आरक्षण चुकीच्या जागी झाले, तर दुसऱ्या दिवसाचा अर्धा वेळ गाडीतच जातो.

इटलीला जाणाऱ्या पर्यटकांपुढेही हाच पेच असतो. कोमो सरोवराचा काठ निवडला तर फ्लॉरेन्स दूर राहते आणि फ्लॉरेन्स निवडले तर सरोवर हुकते. त्या देशात वेरोना हे शहर हा पेच बऱ्याच अंशी सोडवते. रोमन काळातील रंगमंडल असलेल्या या शहरातून गार्डा सरोवराकाठचे पेस्किएरा हे गाव रेल्वेने १५ ते २० मिनिटांवर आहे. सामान शहरात ठेवून सरोवर दिवसा पाहता येते. म्हैसूरची भौगोलिक रचना वेरोनाशी मिळतीजुळती आहे. कावेरीकाठची बहुतेक स्थळे शहरातून सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पाहून होतात. अपवाद कबिनी जलाशयाचा, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

शहराची बाजू

म्हैसूर हे संध्याकाळनंतर खुलणारे शहर आहे. जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये आगीत नष्ट झाल्यानंतर हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभारलेला सध्याचा अंबाविलास राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. रविवारी, सरकारी सुटीच्या दिवशी आणि दसऱ्याच्या उत्सवात रोज सायंकाळी या राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे एकाच क्षणी उजळतात. हा सोहळा तासाभरात आटोपतो. पाण्याकाठी उतरलेल्या पर्यटकाला तो पाहून अंधारात परतावे लागते, आणि अनेक जण म्हणूनच तो टाळतात. त्यामुळे शहरातील एक रात्र रविवारची असेल, असे नियोजन करणे हिताचे ठरते. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते, हेही मुले सोबत असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शहरात पाणी नाही, हा समजही पूर्णतः खरा नाही. म्हैसूर विद्यापीठाच्या परिसरातील कुक्करहळ्ळी तलाव मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, बांधण्यात आला. त्याच्या बांधावरून पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते. प्राणिसंग्रहालयाच्या अखत्यारीतील कारंजी तलावात नौकाविहाराची सोय आहे. केवळ पाण्याजवळ बसण्याची इच्छा असेल, तर त्यासाठी शहर सोडण्याची आवश्यकता नाही.

दसऱ्याच्या दहा दिवसांत मात्र हे गणित उलटते. राजा वडेयर यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे सुरू केलेला हा उत्सव आज संपूर्ण शहर व्यापतो. खोल्यांचे दर चढतात आणि मिरवणुकीच्या दिवशी वाहने राजवाड्याच्या आसपासही फिरकू शकत नाहीत. त्या काळात शहराबाहेर मुक्काम करून मिरवणुकीपुरते आत येणे अधिक सोयीचे असते.

कावेरीकाठचा एक दिवस

म्हैसूरच्या पूर्वेकडील बन्नूर, सोमनाथपूर, सोसले, टी. नरसीपूर आणि तलकाड हा पट्टा मराठी पर्यटकांच्या नेहमीच्या सहलीत क्वचितच असतो. उटीला जाण्याच्या घाईत तो वगळला जातो. वस्तुतः पाणी आणि इतिहास एकाच दिवसात पाहायचे असतील, तर या परिसरात याहून सरस वाट नाही.

सोमनाथपूरचे केशव मंदिर १२५८ मधील. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ याने ते उभारले. बेलूर व हळेबीडू येथील मंदिरांसह २०२३ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच शतकात महाराष्ट्रात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने हेमाडपंती मंदिरे उभी राहत होती, आणि यादव व होयसळ हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. दोन्हीकडच्या शिल्पांतील फरक दगडापासून सुरू होतो. होयसळांचा दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, मऊ. त्यावर दागिन्यातील मणीन् मणी कोरता येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ते तितके सोपे नाही. येथील काही मूर्तींखाली शिल्पकारांची नावे कोरलेली असून मल्लितम्म हे त्यांतील सर्वाधिक परिचित नाव आहे. मुख्य गाभाऱ्यातील मूळ केशवमूर्ती आज तेथे नाही व मंदिरात नित्यपूजाही होत नाही. गर्दी त्यामुळे बेताची असते.

सोसले हे टी. नरसीपूरलगतचे, कावेरीकाठचे गाव. पर्यटन पुस्तिकांत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही. येथे हॉटेलांची रांग नाही, नौकानयन नाही. आहे तो व्यासराज मठ. विजयनगरच्या दरबारात राजगुरूचा मान मिळालेले द्वैत तत्त्वज्ञ व्यासतीर्थ यांच्या परंपरेतील हा मठ आहे. व्यासतीर्थांचा जन्म जवळच्याच बन्नूर येथील. त्यांच्या शिष्यवर्गात पुरंदरदास व कनकदास यांची गणना होते. पुरंदरदासांच्या कानडी पदांच्या अखेरीस 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रिका येते. ते मूळचे पुण्याजवळील पुरंदरचे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. कर्नाटकातील काही अभ्यासक त्यांचे जन्मस्थान शिवमोग्गा जिल्ह्यात असल्याचे मानतात. हा वाद बाजूला ठेवला तरी, पंढरीच्या विठ्ठलाचे नाव कावेरीच्या काठापर्यंत कसे पोहोचले याची ओळख सोसलेच्या मठात होते. मराठी प्रवाशाला एवढे कारण पुरेसे ठरावे. मठ हे पूजास्थान असल्याने पोशाखाचे व वेळेचे भान राखणे अपेक्षित आहे.

टी. नरसीपूर येथे कावेरी आणि कपिला अर्थात कबिनी या नद्यांचा संगम होतो. गुप्त रूपातील स्फटिक सरोवरही येथे मिळते अशी श्रद्धा असल्याने या स्थळाला त्रिवेणी संगम म्हटले जाते. येथील गुंजा नरसिंहाच्या हाती गुंजेचे बी आहे. काशीपेक्षा हे क्षेत्र गुंजभर अधिक पुण्यप्रद, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. सोनाराच्या तराजूतील गुंज ठाऊक असणाऱ्यांना या दाव्यातील नेमकेपणा कौतुकास्पद वाटेल. १९८९ पासून येथे दर तीन वर्षांनी कुंभमेळा भरवला जातो. फेब्रुवारी २०२५ मध्येही तो झाला.

पुढे तलकाड. गंग राजवंशाची ही राजधानी वाळूच्या टेकड्यांखाली गेली. आख्यायिकेनुसार विजयनगरच्या प्रतिनिधीची विधवा अलमेलम्मा हिच्या दागिन्यांसाठी राजा वडेयर यांचे सैनिक मागे लागले, तेव्हा तिने कावेरीत उडी घेताना तलकाड वाळूत गडप होईल आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही, असा शाप दिला. संशोधकांचे स्पष्टीकरण वेगळे आहे. विजयनगर काळात नदीवर वरच्या बाजूस घातलेल्या बंधाऱ्यामुळे पात्रातील पाणी घटले, उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडून काठावर साचत गेली, असे ते सांगतात. वाळूतून चालत जाऊन पाहायची ही मंदिरे दुपारी पाय भाजतात. तेथे सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे.

म्हैसूर ते टी. नरसीपूर अंतर सुमारे ३० किलोमीटर असून कर्नाटक राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्या नियमित धावतात. मात्र सर्व स्थळे एका दिवसात करायची असल्यास भाड्याचे वाहन घेणे श्रेयस्कर. कर्नाटकने जून २०२३ मध्ये महिलांसाठी सुरू केलेला मोफत बसप्रवास त्या राज्यातील रहिवाशांसाठी आहे. महाराष्ट्राच्या आधार कार्डावर तो मिळत नाही, आणि यावरून वाहकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

कबिनीचा अपवाद

कबिनी नदीवर १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय नागरहोळे आणि बंडीपूर या दोन अरण्यांच्या मधोमध पसरला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गवताळ काठावर हत्तींचे कळप उतरतात. हे दृश्य मार्च ते मे या काळातील. म्हैसूरहून एका दिवसात जाऊन येणे शक्य असले तरी त्यात काही साधत नाही, कारण वन्यजीव दर्शनाच्या फेऱ्या पहाटे व दुपारनंतर असतात. म्हणून येथे दोन रात्री तरी हव्यात, आणि तेथील विश्रामस्थळांचे दर शहरातील साध्या हॉटेलच्या कैक पट असतात. त्या दरात बहुधा जेवण व सफारी यांचा अंतर्भाव असतो.

इथेच सावधगिरी आवश्यक ठरते. वाघांच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने या दोन्ही व्याघ्र प्रकल्पांतील सफारी थांबवण्याचा निर्णय घेतला होता. सफारीविना कबिनीचा मुक्काम म्हणजे महागडी खोली आणि समोरचे पाणी, एवढेच उरते. पैसे भरण्यापूर्वी सफारी सुरू आहे काय आणि नसल्यास रक्कम परत मिळेल काय, हे दोन प्रश्न लेखी विचारून घेणे अगत्याचे आहे.

धरण ठरवते सुटीची तारीख

शहराचा राजवाडा बाराही महिने जागच्या जागी असतो. पाण्याचे तसे नसते. १९११ मध्ये काम सुरू झालेल्या कृष्णराज सागर धरणाची पूर्ण पातळी १२४.८ फूट आहे. २०२३ च्या दुष्काळात ते भरले नाही. २०२५ मध्ये मात्र जून महिन्यातच तुडुंब झाले. विसर्ग वाढला की खालच्या बाजूच्या रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यातील होड्या बंद ठेवाव्या लागतात आणि काठावर उतरण्यास मनाई होते. केरळमधील वायनाडला मुसळधार पाऊस झाला, तर कबिनीतून सोडलेल्या पाण्याने नंजनगूड व टी. नरसीपूर येथील घाट बुडतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये नदीकाठी मुक्काम ठरवणाऱ्याने म्हणूनच हवामानाचा अंदाज म्हैसूरचा न पाहता वायनाडचा पाहावा.

पाणी कमी असेल तर वेगळीच अडचण उद्भवते. कावेरीच्या पाणीवाटपावरून सप्टेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूत जाळपोळ झाली, तर २९ सप्टेंबर २०२३ रोजी कर्नाटक बंद पाळण्यात आला. दुष्काळी वर्षात दसऱ्याच्या सुमारास प्रवास असल्यास एक दिवस हातचा राखून ठेवणे इष्ट.

धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वृंदावन उद्यानाविषयी थोडक्यात सांगायचे, तर ज्यांनी त्याच धर्तीवर जायकवाडी धरणाजवळ उभारलेले पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान पाहिले आहे, त्यांना तेथे फारसे नवल वाटणार नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कन्नंबाडी गावाची कहाणी अधिक वेधक आहे. दुष्काळात पाणी हटले की तेथील वेणुगोपाल मंदिर दिसू लागे. पुढे ते दगड दगड हलवून काठावर पुन्हा उभारण्यात आले.

उसाच्या शेतातील शेजारी

टी. नरसीपूर तालुक्यात नदीकाठी खोली घेऊन रात्री काठावर फिरण्याचा बेत करणाऱ्यांनी एक नोंद घ्यावी. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या चार महिन्यांत या तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत चार जणांचा बळी गेला. मृतांमध्ये एक विद्यार्थिनी व अकरा वर्षांचा मुलगा होता. कालव्यांमुळे वाढलेला ऊस आणि त्यात लपणारा बिबट्या, हे चित्र जुन्नर परिसरातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. अंधार पडल्यावर शेतवाटांवर पायी जाऊ नये, मुलांना एकटे सोडू नये, हे तेथील पथ्य येथेही लागू पडते. संगमावर आणि तलकाडच्या पात्रातही बुडण्याच्या घटना घडल्या आहेत. वरून उथळ भासणाऱ्या वाळूत अचानक खोल खड्डे असतात. स्नान करायचे झाल्यास बांधलेल्या घाटावरच करावे.

तीन-चार दिवसांची रजा असलेल्या आणि प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने सर्व रात्री शहरातच काढाव्यात, असा या साऱ्याचा निष्कर्ष निघतो. मोठी रुग्णालये, रेल्वे स्थानक आणि संध्याकाळचा राजवाडा हाताशी राहतात व नदीसाठी एक पूर्ण दिवस मिळतो. ज्यांनी म्हैसूर पूर्वी पाहिले आहे, त्यांनी उन्हाळ्यात कबिनीचा विचार जरूर करावा. परंतु शहरात एक रात्र, कबिनीत एक रात्र आणि श्रीरंगपट्टणला एक, अशी विभागणी टाळावी. रोज सामान बांधण्यात दोन्हींचा आनंद हरवतो.

सोलापूरकडून जाणाऱ्यांना म्हैसूरसाठी थेट गोलघुमट एक्स्प्रेस उपलब्ध आहे. या गाडीची सेवा आता पंढरपूरपर्यंत विस्तारण्यात आली आहे. मुंबई-पुण्याहून मिरज, हुबळीमार्गे जाणारी दादर-म्हैसूर शरावती एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. त्यामुळे तिचा वार आधी पाहून मगच खोलीचे आरक्षण करावे.