बायोस बदलल्यावर संगणक अडखळतो तेव्हा

संगणकाची कळ दाबताच विंडोजच्याही आधी जागा होतो तो मदरबोर्डवरील चिपमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, बायोस. प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची हजेरी तोच घेतो. तो नव्याने लिहिला जात असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, यूपीएस हवाच.

खरा घोळ पुढे असतो. ग्वाल्हेरला नई सडकेवर माझे मामा व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. बायोस बदलल्यानंतर त्यांचा संगणक वरचेवर निळा पडदा दाखवू लागला. सर्वांनी रॅमला दोष दिला. वास्तविक रॅम तीच होती, तिला हाकणारे नियम बदलले होते. खोक्यावर ६००० छापलेली डीडीआर-५ रॅम पुष्कळदा मुळात ४८०० च्या वेगाची असते. वरचा वेग एक्सएमपी ही सोय चालू केल्यावर मिळतो. ते एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच! ती सोय बंद करताच मामांचा संगणक शांत झाला.

तसे न झाल्यास एकेक पट्टी लावून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष, खाचेपाशीच राहिली तर खाचेचा संशय घ्यावा. येथे ३५ गुणांना उत्तीर्ण नाही. एक चूकही पुष्कळ झाली.

तोवर खातेवही उघडू नये. संगणक बंद पडला तर निदान कळते. परंतु रॅममध्ये ४०९६ च्या स्थानचा एकच बिट उलटला, तर १,००० चे ५,०९६ होतात आणि तसेच डिस्कवर उतरतात. बायोस बदलण्यापूर्वीची प्रत पेन ड्राइव्हवर असेल, तरच ते पडताळता येते.