आकाशातील सारेच तारे नसतात

२ एप्रिल २०२२ चा दिवस. सकाळी घरोघरी गुढ्या उभारल्या होत्या आणि संध्याकाळी लोक रमजानचा चाँद पाहत होते. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात प्रकाशाच्या लांब रेषा सरकताना दिसल्या. तारा तुटला, विमान पेटले, उल्का पडल्या, असे नाना तर्क सुरू झाले. मुलांनो, ते नेमके काय होते? हे समजण्यासाठी आपल्या सूर्यमालेत कोणकोणत्या वस्तू आहेत, ते आधी पाहू या.

उर्दूत ज्याला तुम्ही 'निजाम-ए-शम्सी' म्हणता, तीच मराठीतील 'सूर्यमाला'. तिच्यातील कोणतीही वस्तू ओळखताना दोन प्रश्न विचारावेत. ती कशाची बनली आहे? आणि ती कोणाभोवती फिरते?

सूर्यमालेत तारा एकच आहे, तो म्हणजे सूर्य. तो तप्त वायूंचा गोळा असून स्वतःच्या प्रकाशाने चमकतो. पृथ्वीला ज्वारीचा दाणा मानले, तर सूर्य मोठ्या घागरीएवढा होईल आणि तो दाणा घागरीपासून सुमारे ४७ मीटर दूर ठेवावा लागेल.

सूर्याभोवती फिरणारे ग्रह, म्हणजेच सय्यारे, आठ आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे खडकाळ आहेत. गुरू आणि शनी हे मुख्यतः वायूंचे बनलेले प्रचंड गोळे आहेत. आपल्या ज्वारीच्या दाण्यापुढे गुरू लिंबाएवढा भरेल. युरेनस आणि नेपच्यून हे फार दूरचे, अतिशय थंड ग्रह आहेत. ग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो. ते सूर्याच्या प्रकाशामुळे दिसतात. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. ही खूण लक्षात ठेवा.

तुमच्या अम्मी-अब्बांनी शाळेत नऊ ग्रह पाठ केले असतील. तेव्हाच्या पुस्तकांत तसेच छापलेले होते. १९३० मध्ये शोध लागलेल्या प्लूटोला नववा ग्रह मानत असत. पुढे त्याच्या आसपास तशाच अनेक वस्तू सापडल्या. म्हणून २००६ मध्ये जगातील खगोलशास्त्रज्ञांनी त्याला 'बटुग्रह' या वेगळ्या गटात घातले. आकाशातला प्लूटो तोच राहिला, आपले ज्ञान मात्र वाढले.

ग्रहाभोवती फिरणाऱ्या वस्तूला उपग्रह म्हणतात. पृथ्वीला एकच नैसर्गिक उपग्रह आहे, तो म्हणजे आपला चंद्र. मंगळाला दोन आहेत, तर बुध आणि शुक्र यांना एकही नाही. गुरूचा गॅनिमीड हा उपग्रह तर बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे. तरीही तो उपग्रहच, कारण तो गुरूभोवती फिरतो. म्हणजे केवळ आकारावरून नाव ठरत नाही.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान खडकांचे लाखो तुकडे सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. धूमकेतू मात्र बर्फ आणि धूळ यांचा बनलेला असतो. तो सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि त्याला शेपटी फुटते. म्हणून उर्दूत त्याला 'दुमदार सितारा' म्हणतात. पण तो सितारा नव्हे आणि त्याच्या येण्याने कोणाचे वाईटही होत नाही. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला. तो पुन्हा २०६१ मध्ये येईल. त्या वेळी तुम्ही तो आपल्या मुलाबाळांना दाखवा!

आता 'तुटणारा तारा' पाहू. तारा कधी तुटून खाली पडत नाही. अवकाशातील लहानसा खडा, बहुधा हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान, अतिशय वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतो आणि क्षणभर पेटल्यासारखा चमकतो. तीच उल्का, म्हणजे शहाब-ए-साकिब. मोठी उल्का पूर्ण जळत नाही. तिचा जमिनीवर पोहोचलेला तुकडा म्हणजे अशनी. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात असे अशनी पडले होते.

त्याहून मोठा आघात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे झाला. आपल्या धाराशिव जिल्ह्यात जो काळा बेसाल्ट खडक आहे, तशाच खडकावर तिथे अवकाशातील एक प्रचंड वस्तू आदळली. त्यातून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. आज त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. हे ज्वालामुखीचे तोंड असावे, असे पूर्वी काही जणांना वाटे. परंतु केवळ जबरदस्त धक्क्यानेच तयार होणारी काच तिथल्या खडकांत सापडली आणि आघाताचा पुरावा मिळाला.

मग २ एप्रिलच्या त्या रेषा कशाच्या होत्या? त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे एक मोठे कडे जमिनीवर पडलेले आढळले. निसर्गात असे कडे तयार होत नाही. ते परतणाऱ्या चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. म्हणजे पृथ्वीभोवती आता माणसाने सोडलेल्या वस्तूही फिरत आहेत. उल्का बहुधा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचे तुकडे मात्र सावकाश सरकतात आणि बराच वेळ दिसत राहतात.

अशी वस्तू शेतात पडलेली दिसली, तर तिला हात लावू नका. पोलीस पाटील किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. हिवाळ्यात आपल्याकडचे आकाश बहुधा निरभ्र असते. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री भरपूर उल्का दिसतात. घरातील मोठ्या माणसांबरोबर मोकळ्या जागी बसा आणि मोजून पाहा. कोणी 'तारा तुटला' म्हणून घाबरले, तर त्यांना खरे कारण समजावून सांगा.

स्वाध्याय

१. ग्रह आणि उपग्रह यांतील फरक सांगा.
२. गॅनिमीड बुधापेक्षा मोठा असूनही त्याला ग्रह का म्हणत नाहीत?
३. लोणारचे विवर आघाताने झाले, हे कशावरून समजले?
४. पाठातील उर्दू शब्द शोधा आणि त्यांच्यापुढे मराठी शब्द लिहा.